परदेशी सत्र आणि पैऱ्याचा हिशेब

लहान विद्यापीठे आणि महाविद्यालये यांच्यामार्फत परदेशात एक सत्र शिकायला जाण्याविषयी कोल्हापूर, इचलकरंजी, गडहिंग्लज आणि राधानगरी भागातून आलेली पत्रे या महिन्यात एकत्र घेतली आहेत. पत्रे मोठी होती. येथे प्रश्नाचा गाभा तेवढा ठेवला आहे. या सदराच्या लेखकाने कोल्हापुरातील एका महाविद्यालयाचा परदेशी विद्यार्थी कक्ष बरीच वर्षे सांभाळला असल्यामुळे काही उत्तरांत त्याच्या स्वतःच्या चुकाही आल्या आहेत.

प्रश्न : आमच्या संस्थेने गेल्या सहा वर्षांत पाच परदेशी विद्यापीठांशी सामंजस्य करार केले. प्रत्येक वेळी वर्तमानपत्रांत छायाचित्रे आली. प्रत्यक्षात एकही विद्यार्थी गेला नाही आणि एकही आला नाही. आमचे नेमके कोठे चुकते? (एक प्राध्यापिका, गडहिंग्लज)

उत्तर : करार करण्यात आपले काही चुकलेले नाही, तो कपाटात गेला, तेथे चुकले. सामंजस्य करारात बहुधा ‘दोन्ही संस्था विद्यार्थी व प्राध्यापकांच्या देवाणघेवाणीस प्रोत्साहन देतील’ एवढेच वाक्य असते आणि त्या वाक्याच्या बळावर कोणाला व्हिसा मिळत नाही. त्यानंतर वेगळा देवाणघेवाण करार व्हावा लागतो. दरवर्षी किती विद्यार्थी, कोणत्या विभागांतील, कोणत्या सत्रात, शिक्षण शुल्क कोणी कोठे भरायचे, राहण्याची सोय कोणाकडे, गुणपत्रक किती आठवड्यांत पाठवायचे आणि पत्रव्यवहार कोणाशी करायचा, हे सगळे त्यात लिहिलेले असते. आपल्या पाच करारांपैकी एखाद्यात तरी विद्यार्थ्यांचा आकडा आहे का, ते एकदा काढून पाहावे.

आपल्या भागात पैरा म्हणजे काय, हे कोणाला सांगावे लागत नाही. रोपलावणीला तुमच्या घरची दोन माणसे माझ्या शेतात आली, की पुढच्या आठवड्यात माझ्या घरची दोन माणसे तुमच्या शेतात उभी राहतात. पैसे कोणी मोजत नाही, पण दिवस दोन्ही घरांत नेमके लक्षात असतात. विद्यार्थ्यांची देवाणघेवाण याच हिशेबावर चालते. आपला विद्यार्थी आपले शुल्क आपल्याच महाविद्यालयात भरतो, तिकडचा विद्यार्थी तिकडे भरतो आणि दोघे एकमेकांच्या बाकावर जाऊन बसतात. पाहुण्या विद्यार्थ्याकडून शिक्षण शुल्क घेतले जात नाही. म्हणजेच आपला एक विद्यार्थी तिकडे गेला आणि तिकडून कोणीच आले नाही, तर एका जागेचा पैरा आपल्या अंगावर राहिला. समोरचे विद्यापीठ पहिल्या वर्षी काही बोलत नाही, दुसऱ्या वर्षी आठवण करून देते आणि तिसऱ्या वर्षी अत्यंत सभ्य भाषेत ‘यंदा जागा उपलब्ध नाहीत’ असे कळवते. आपल्याकडील बैठकांत मात्र सगळी चर्चा ‘आपली मुले किती जाणार’ याचीच होते. ‘आपल्याकडे कोण आणि कशासाठी येणार’ ही गोष्ट निघालीच, तर ती आयत्या वेळच्या विषयांत निघते. माझ्या मते आपली खरी अडचण ही आहे, आणि म्हणून सुरुवात येणाऱ्याच्या सोयीपासून करावी.

लहान गावात कोण येणार, हा न्यूनगंड मात्र सोडून द्यावा. युरोपातील एखाद्या मध्यम आकाराच्या विद्यापीठातील विद्यार्थ्याला दुसऱ्या महानगरातील काचेची इमारत पाहायची नसते. पश्चिम घाटातील जी ३९ ठिकाणे २०१२ साली जागतिक वारसा यादीत गेली, त्यांत आपले राधानगरी अभयारण्य आहे. शिरोली आणि गोकुळ शिरगाव येथील फाउंड्र्या आहेत, इचलकरंजीचे यंत्रमाग आहेत, वारणानगरला सहकाराचे अख्खे संकुल उभे आहे, २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळालेली चप्पल आहे. आणि २०१९ व २०२१ या दोन वर्षांच्या महापुरांनी पंचगंगेचे खोरे हा स्वतंत्र अभ्यासविषय करून ठेवला आहे. आमच्याकडे फ्रान्सहून ऊर्जा अभियांत्रिकीची एक विद्यार्थिनी आली होती. तिने सत्रातील तीन आठवडे एका गुऱ्हाळावर काढले. चुलवाणात किती चिपाड जाते हे ती काट्यावर तोलून वहीत लिहीत असे, काहिलीतला रस कधी उतरवायचा हे गुळव्या नुसत्या फेसाकडे पाहून सांगत असे, आणि तिचा तापमापक व त्याचा डोळा यांत किती अंशांचा फरक पडतो, याचा तक्ता तिने केला. शेवटच्या दिवशी तिने तो तक्ता गुळव्याला दाखवला, तेव्हा त्याने ‘हे आधी सांगितलं असतंस तर आदण मोजूनच दिलं असतं’ एवढेच म्हटले (आदण म्हणजे काहिलीत एका वेळी चढवलेला रस). त्या अहवालावर तिच्या विद्यापीठाने तिला प्रकल्पाचे पूर्ण क्रेडिट, म्हणजे पदवीत मोजले जाणारे श्रेयांक, दिले आणि पुढच्या वर्षी आणखी दोघांची नावे पाठवली. आमचा पैरा त्या गुऱ्हाळावर फिटला, असे मी आजही मानतो.

व्यवहार असा, की येणाऱ्या विद्यार्थ्याला एका सत्रात आपल्या हिशेबाने सुमारे वीस क्रेडिटचे काम इंग्रजीतून मिळावे लागते. लहान महाविद्यालयाला एका विभागातून तेवढे देता येत नाही. त्यामुळे दोन-तीन विभागांतील इंग्रजीतून चालणारे प्रत्येकी एक-दोन विषय, एक मोठा क्षेत्रप्रकल्प आणि चार क्रेडिटचे प्राथमिक मराठी अशी मोट बांधावी आणि तिचे दोन पानी पत्रक करून ठेवावे. आमच्या अनुभवात येणाऱ्यांनी प्राथमिक मराठीचा वर्ग सर्वांत मन लावून केला. रिक्षावाल्याशी बोलता आल्याचा आनंद गुणपत्रकावर दिसत नाही, पण पुढच्या तुकडीच्या कानावर तो नक्की जातो.

दोनच संस्थांत जोडी जमत नसेल, तर अनेकांच्या सामायिक पैऱ्यात शिरावे. अमेरिकेत १९७९ साली जॉर्जटाउन विद्यापीठात सुरू झालेली ‘आयसेप’ ही व्यवस्था याच तत्त्वावर आहे: तुम्ही एका देशातील विद्यार्थी सांभाळला, की तुमचा विद्यार्थी जाळ्यातील दुसऱ्याच देशात जाऊ शकतो. आशिया आणि प्रशांत प्रदेशातील विद्यापीठांचे ‘युमॅप’ हे जाळे १९९१ पासून आहे. युरोपीय संघाच्या इरास्मस प्लस योजनेत भारतासारख्या देशांतील संस्थांशीही देवाणघेवाण होते आणि तिचे वैशिष्ट्य असे, की त्यासाठी अर्ज युरोपातील भागीदार करतो, निधीही त्याच्याकडेच येतो. आपल्याकडून जाणाऱ्या विद्यार्थ्याला त्यातून दरमहा साधारण ८०० ते ९०० युरो आणि प्रवासखर्च मिळतो. आपल्या पाच भागीदारांपैकी एखादा युरोपात असेल, तर नवा करार करण्याऐवजी त्यालाच ‘पुढच्या फेरीत आमचे नाव घालाल का’ असे विचारणे अधिक फलदायी ठरेल. पैसे अजिबात नसतील, तर दोन देशांतील दोन प्राध्यापकांनी एकाच विषयाचे पाच-सहा आठवडे ऑनलाइन एकत्र शिकवण्याची पद्धत आहे. न्यूयॉर्क राज्य विद्यापीठाने २००६ पासून त्यासाठी ‘कॉइल’ नावाचे केंद्र चालवले आहे. ती प्रवासाची जागा घेत नाही, पण समोरच्या प्राध्यापकाशी ओळख होते, आणि करारांना जीव येतो तो बहुधा अशा ओळखीतून.

आणखी एक. पत्रव्यवहारासाठी पदाच्या नावाचा ई-मेल ठेवा, व्यक्तीच्या नावाचा नको. एका संस्थेत परदेशी विद्यापीठाची ‘यंदाची नावे कळवा’ ही पत्रे निवृत्त झालेल्या प्राध्यापकांच्या जुन्या खात्यावर दीड वर्ष जात होती आणि संस्था मात्र ‘ते प्रतिसाद देत नाहीत’ म्हणून रुसून बसली होती.

प्रश्न : मी वस्त्रोद्योग अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षात आहे. देवाणघेवाणीत फी लागत नाही असे ऐकले. मग एका सत्राचा खर्च किती येतो आणि कधी जावे? (एक विद्यार्थी, इचलकरंजी)

उत्तर : तिकडचे शिक्षण शुल्क लागत नाही, एवढाच त्याचा अर्थ. इकडचे शुल्क तुम्हाला भरावेच लागते, कारण त्या सत्रातही तुम्ही आपल्याच महाविद्यालयाचे विद्यार्थी असता. विमानभाडे, खोली, जेवण, विमा आणि व्हिसा हे तुमच्या खिशातून जाते. जर्मनीचे उदाहरण घ्या. तेथे व्हिसासाठी दरमहा ९९२ युरो या दराने मुक्कामाची रक्कम दाखवावी लागते. सहा महिन्यांचे ५,९५२ युरो होतात. युरो शंभर रुपयांच्या आसपास धरला, तर सहा लाखांच्या घरात. ही रक्कम खर्च म्हणून कोणाला द्यायची नसते. ती गोठवलेल्या खात्यात ठेवायची आणि दरमहा तेवढीच काढायची असते. तरी ती आधी एकरकमी उभी करावी लागते आणि नेमके तेथेच आपल्याकडील बरीच घरे अडखळतात. आरोग्य विमा दरमहा सव्वाशे-दीडशे युरो आणि विद्यापीठाचे सत्रशुल्क वेगळे. बहुतेक ठिकाणी त्या सत्रशुल्कात स्थानिक प्रवासाचा पास येतो, हे त्यातल्या त्यात बरे. काम करून खर्च भागवीन, असा हिशेब मांडून मात्र निघू नका. पहिले दोन महिने खोली, नोंदणी आणि भाषा समजण्यातच जातात.

शिष्यवृत्तीविषयी एक गैरसमज वारंवार दिसतो. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी असलेली राज्य शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती पूर्ण पदव्युत्तर पदवीसाठी किंवा पीएच.डी.साठी आहे, एका सत्रासाठी ती नाही. इरास्मस मुंडस ही शिष्यवृत्तीसुद्धा पूर्ण पदव्युत्तर अभ्यासक्रमाची आहे. एका सत्रासाठी भागीदार विद्यापीठाकडे इरास्मस प्लसचा निधी आहे का, हे सर्वप्रथम विचारा. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याने जर्मन शैक्षणिक विनिमय सेवा म्हणजे डाड या संस्थेच्या ‘वाइज’ योजनेकडेही पाहावे. ती सत्राची देवाणघेवाण नव्हे, उन्हाळ्यातील प्रयोगशाळेतील काम आहे, पण सत्र न बुडवता जाता येते.

कधी जावे, या प्रश्नाकडे कोणी लक्ष देत नाही आणि घोटाळा तेथेच होतो. जर्मन विद्यापीठांचे हिवाळी सत्र १ ऑक्टोबरला सुरू होऊन ३१ मार्चला संपते. तास फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत आणि परीक्षा त्यानंतर. आपली विषम सत्राची परीक्षा नोव्हेंबर-डिसेंबरात असते आणि सम सत्र त्यापाठोपाठ सुरू होते. म्हणजे एका जर्मन सत्रासाठी आपली दोन सत्रे विस्कटतात. याउलट दक्षिण कोरियाचे दुसरे सत्र सप्टेंबरपासून डिसेंबरपर्यंत आणि अमेरिकेचे ऑगस्टअखेरपासून डिसेंबरच्या मध्यापर्यंत असल्यामुळे जानेवारीत वर्गात परत बसता येते. जर्मनीतच जायचे असेल, तर उपयोजित विज्ञानांच्या विद्यापीठांकडे पाहा. त्यांचे सत्र महिनाभर आधी, सप्टेंबरात सुरू होते आणि वस्त्रोद्योगासारखे हाताने करायचे विषय बहुधा तेथेच चांगले असतात. वैकल्पिक विषय जास्त असतील ते सत्र निवडा. सक्तीचे विषय भरलेले सत्र निवडले, तर परत आल्यावर तेच विषय दुसऱ्यांदा करावे लागतात.

पासपोर्ट नसेल, तर आजच अर्ज करा. त्यासाठी आता कोल्हापूरच्या बाहेर जावे लागत नाही. व्हिसासाठी मात्र पुण्या-मुंबईची एखादी फेरी धरून चाला. आमचे विद्यार्थी रात्रीच्या महालक्ष्मी एक्स्प्रेसने जात आणि सकाळी थेट रांगेत उभे राहत. त्या रात्री कागदांची पिशवी उशाखाली ठेवावी, ही सूचना मी प्रत्येक तुकडीला देत असे; का, ते विचारू नका.

प्रश्न : माझी मुलगी जर्मनीत एक सत्र शिकून आली. तिच्या गुणपत्रकावर १.७, २.३ आणि ३.० असे आकडे आहेत. महाविद्यालयाच्या कार्यालयात ‘दहापैकी २.३ म्हणजे अनुत्तीर्ण’ असे सांगण्यात आले. शिवाय तिने १८ क्रेडिट केले असूनही ती कमी भरतात असे म्हणतात. तिचे वर्ष जाणार का? (एक पालक, कोल्हापूर)

उत्तर : मुलगी उत्तीर्ण आहे आणि चांगल्या गुणांनी आहे. जर्मनीत १.० हा सर्वोत्तम आणि ४.० हा उत्तीर्ण होण्यासाठीचा शेवटचा आकडा असतो. आकडा जितका लहान तितका निकाल चांगला. परदेशी गुणांचे जर्मन गुणांत रूपांतर करण्यासाठी तेथे ‘सुधारित बव्हेरियन सूत्र’ नावाचे एक सूत्र वापरतात. कमाल गुणांतून मिळालेले गुण वजा करायचे, त्यास कमाल आणि किमान उत्तीर्ण गुणांच्या फरकाने भागायचे, तिनाने गुणायचे आणि त्यात एक मिळवायचा. आपल्या दहा अंकी श्रेणीत कमाल १० आणि किमान उत्तीर्ण ४ धरले, तर हेच सूत्र उलटे फिरवल्यावर हिशेब फार सोपा होतो: जर्मन आकड्याची दुप्पट बारातून वजा करा. १.७ चे ८.६ होतात, २.३ चे ७.४ आणि ३.० चे ६. कार्यालयातील मंडळींना हे एका कागदावर करून दाखवा. त्यांच्याकडे असे गुणपत्रक कदाचित पहिल्यांदाच आले असेल, त्यामुळे रागावून उपयोग नाही. मात्र हे सूत्र अधिकृतपणे लागू करायचे, तर त्याला विद्या परिषदेची किंवा परीक्षा विभागाची मान्यता हवी. तसा ठराव नसेल, तर तो करून घेण्यासाठी आपल्या मुलीचे प्रकरण हे योग्य निमित्त आहे.

क्रेडिटची गोष्ट वेगळी आहे आणि तेथे कार्यालयाचे म्हणणे अगदीच चुकीचे नाही. युरोपीय पद्धतीत एक पूर्ण वर्ष म्हणजे ६० क्रेडिट, तर आपल्या राष्ट्रीय क्रेडिट आराखड्यात एक वर्ष म्हणजे ४०. वर्षाला वर्ष लावले, तर त्यांचे दीड क्रेडिट म्हणजे आपले एक. या मापाने मुलीच्या १८ चे १२ होतात आणि सत्राच्या वीसमध्ये आठ कमी पडतात. तासांच्या हिशेबाने मात्र चित्र बदलते: त्यांचे एक क्रेडिट २५ ते ३० तासांच्या कामाचे असते आणि आपल्या आराखड्यातही एक क्रेडिट ३० तासांचे धरले आहे. मग १८ चे १५ ते १८ भरतात. दोन्ही मापांना आधार आहे. कोणते लावायचे, हे विद्यापीठाने विद्यार्थी जाण्यापूर्वी ठरवायचे असते. तसे काही ठरलेले नसेल, तर तासांचे माप लावण्याची लेखी विनंती प्राचार्यांमार्फत करा, सोबत प्रत्येक विषयाचा जर्मन अभ्यासक्रम त्यातील कामाच्या तासांसह जोडा आणि उरलेले क्रेडिट पुढच्या सत्रात जादा विषय घेऊन किंवा उन्हाळी प्रकल्प करून भरून काढण्याची परवानगी मागा. वर्ष जाण्याचे कारण नाही.

अशा प्रकरणाचे मूळ बहुतेक वेळा एका न केलेल्या कागदात असते. युरोपात त्याला ‘लर्निंग ॲग्रीमेंट’ म्हणतात. आपण अध्ययन करार म्हणू. विद्यार्थी तेथे कोणते विषय घेणार आणि त्यांच्या बदल्यात येथील कोणते विषय सुटणार, हे दोन रकान्यांत लिहून विद्यार्थी, आपली संस्था आणि यजमान संस्था अशा तिघांनी त्यावर सह्या करायच्या असतात. मी पाठवलेल्या पहिल्याच विद्यार्थ्याच्या बाबतीत मी ‘आल्यावर बघू’ म्हणालो होतो. तो तिकडून अतिशय चांगले गुण घेऊन आला. त्याने तेथे घेतलेला यंत्र-अध्ययनाचा विषय आमच्या अभ्यासक्रमात कोठेच बसेना, आणि येथील सक्तीचा संख्याशास्त्राचा विषय त्याला पुढच्या वर्षी कनिष्ठ वर्गात बसून करावा लागला. त्याने एका शब्दाने तक्रार केली नाही, याचे मला अजून वाईट वाटते. त्यानंतर अभ्यास मंडळाच्या अध्यक्षांची सही असल्याशिवाय मी एकाही विद्यार्थ्याला तिकीट काढू दिले नाही. तेथे पोचल्यावर विषय बदलावा लागला, तर बदलाचा कागदही आठवड्याच्या आत करून घ्यावा. वेळापत्रक जुळत नाही म्हणून निम्म्या मुलांचे विषय बदलतातच. विद्यार्थ्याचे क्रेडिट जेथे ऑनलाइन साठवले जातात, त्या शैक्षणिक क्रेडिट बँकेत परदेशी विद्यापीठ काही जमा करत नाही. आपल्या विद्यापीठाने मान्य केलेले क्रेडिटच तेथे नोंदवले जातात, म्हणून मुलीच्या खात्यात नोंद झाल्याची खात्री सत्र संपण्याआधी करून घ्या.

प्रश्न : एका एजंटाने दोन आठवड्यांच्या ‘इंटरनॅशनल एक्सचेंज प्रोग्रॅम’साठी अडीच लाख रुपये सांगितले आहेत. प्रमाणपत्र मिळते. घ्यावा का? (एक पालक, जयसिंगपूर)

उत्तर : त्याला सहल म्हणावे. समोरून कोणी येणार नसेल, क्रेडिट मिळणार नसतील आणि आपले महाविद्यालय त्या करारात पक्षकार नसेल, तर त्यात देवाणघेवाण कशाची? सहल वाईट नसते. पण अडीच लाखांत एका सत्राचा निम्मा खर्च निघू शकतो, एवढे लक्षात घेऊन निर्णय करावा.

प्रश्न : ‘येथे दोन वर्षे, तेथे दोन वर्षे आणि दोन पदव्या’ अशी एक जाहिरात पाहिली. हे कायदेशीर असते का? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : असू शकते. विद्यापीठ अनुदान आयोगाचे यासंबंधीचे विनियम २०२२ साली आले. त्यांनुसार भारतीय संस्थेला नॅक या मूल्यांकन संस्थेचे किमान ३.०१ गुण हवेत, किंवा ती राष्ट्रीय क्रमवारीतील विद्यापीठांच्या पहिल्या शंभरांत वा विशेष श्रेष्ठता संस्थांत हवी. परदेशी संस्था टाइम्स किंवा क्यूएस या जागतिक क्रमवारीत पहिल्या हजारांत हवी. दुहेरी पदवीत किमान ३० टक्के क्रेडिट भारतीय संस्थेतून झाले पाहिजेत, तर ट्विनिंग अभ्यासक्रमात परदेशी क्रेडिट ३० टक्क्यांहून जास्त चालत नाहीत आणि पदवी भारतीय संस्थेचीच मिळते. जाहिरातीतील संस्थेला नॅकच्या गुणांचा आकडा विचारा. ‘ए प्लस’ वगैरे श्रेणी नव्हे, दोन दशांश स्थळांपर्यंतचा आकडा.

प्रश्न : माझे शिक्षण बारावीपर्यंत मराठी माध्यमात झाले. वनस्पतीशास्त्राच्या दुसऱ्या वर्षात आहे. इंग्रजी वाचता येते, बोलताना अडते. मी अर्ज करावा का? (एक विद्यार्थिनी, राधानगरी तालुका)

उत्तर : अवश्य करावा, पण सहा महिने तयारी करून. बहुतेक युरोपीय भागीदार बी-टू पातळीचे, म्हणजे वर्गात समजून घेता आणि बोलता येईल एवढे, इंग्रजी मागतात आणि देवाणघेवाणीच्या विद्यार्थ्यांसाठी महागड्या परीक्षेऐवजी मूळ संस्थेचे पत्र अनेकदा स्वीकारतात. पत्र मिळवणे सोपे आहे, वर्गात तोंड उघडणे अवघड. म्हणून रोज पंधरा मिनिटे आपल्याच विषयावर मोठ्याने इंग्रजी बोलायची सवय करा, मग ऐकायला घरची म्हैस असली तरी चालेल. तेथे गेल्यावर दिसेल, की शेजारी बसलेल्या कोरियन किंवा स्पॅनिश विद्यार्थ्यालाही इंग्रजी परकीच आहे आणि तो बिनदिक्कत चुका करत बोलतो आहे.

थेट सत्रासाठी धीर होत नसेल, तर लहान मुक्कामापासून सुरुवात करा. जपानचा ‘साकुरा सायन्स’ हा २०१४ पासून चालणारा कार्यक्रम साधारण एक ते तीन आठवड्यांचा असतो आणि त्याचा खर्च तिकडून होतो. तैवानची ‘टीप’ ही योजना प्रयोगशाळेत काम करण्यासाठी आहे. साकुरा सायन्समध्ये जपानी संस्था आपल्या संस्थेला निमंत्रण देते, म्हणून आपल्या विभागप्रमुखांना तिकडच्या एखाद्या प्राध्यापकाला पत्र लिहायला लावा.

अर्जासोबतच्या पत्राविषयी थोडे स्पष्ट लिहितो, कारण मी अशी शेकडो पत्रे वाचली आहेत. ‘परदेशात शिकणे हे माझे लहानपणापासूनचे स्वप्न आहे’ या वाक्याने सुरू होणारे पत्र निवड समिती दुसऱ्या ओळीपर्यंत वाचते की नाही, याची मला शंका आहे. तुमच्या गावाजवळ देवराई असेल. तिच्यात कोणती झाडे आहेत, त्यांपैकी कोणती बाहेरच्या रानातून नाहीशी झाली, तेथील वाळके लाकूडही लोक का उचलत नाहीत आणि त्या यजमान विद्यापीठातील कोणता विषय तुम्हाला ही देवराई अधिक नीट मोजायला शिकवील, हे चारशे शब्दांत लिहा. असे पत्र त्या ढिगात दुसरे कोणाचे नसेल.

प्रश्न : ताराबाई पार्कात आमच्या घराचा वरचा मजला रिकामा आहे. एका महाविद्यालयाने दोन परदेशी विद्यार्थिनींना चार-पाच महिने ठेवून घ्याल का, असे विचारले आहे. पोलिसांचा त्रास होतो का? जेवणाचे काय करावे? (एक गृहिणी, कोल्हापूर)

उत्तर : ताई, जरूर ठेवून घ्या. वर ज्या पैऱ्याविषयी लिहिले आहे, तो बहुतेक महाविद्यालयांत खोलीपाशीच येऊन अडतो. शाहू महाराजांच्या काळापासून ज्या शहराला वसतिगृहांची जननी म्हणतात, तेथे पाहुण्या विद्यार्थ्याला खोली मिळू नये, हे शोभत नाही. वसतिगृहे भरलेली असतात, आणि हॉटेल विद्यार्थ्याला परवडत नाही.

पोलिसांचा त्रास होत नाही, पण नोंद वेळेवर करावी लागते. परदेशी पाहुणा मुक्कामाला आला, की २४ तासांच्या आत त्याची माहिती ऑनलाइन द्यावी लागते. तिला ‘सी फॉर्म’ म्हणून ओळखतात. तुमच्या नावाने एकदा खाते उघडले, की पुढे पासपोर्ट आणि व्हिसा यांची माहिती भरणे हे दहा मिनिटांचे काम आहे. विद्यार्थ्याचा व्हिसा १८० दिवसांहून अधिक मुदतीचा असेल, तर आल्यापासून १४ दिवसांत वेगळी नोंदणी लागते आणि आपल्या जिल्ह्यात ते अधिकार पोलिस अधीक्षकांकडे असतात. ती नोंदणी विद्यार्थिनीने महाविद्यालयाच्या मदतीने करायची आहे. महाविद्यालय ते काम तुमच्यावर टाकू लागले, तर नम्रपणे परत पाठवा. भाड्याचा लेखी करार महाविद्यालयाशी करा, मुलींशी नको, म्हणजे एखादी मधूनच परत गेली तर तुमचे नुकसान होणार नाही.

घराचे नियम पहिल्याच दिवशी कागदावर लिहून द्या: पाणी कोणत्या वेळी येते, गीझर कधी बंद करायचा, रात्री फाटकाला कुलूप किती वाजता लागते, पाहुणे चालतात की नाही. आपल्याला जे सांगावे लागत नाही, ते त्यांना कोणीतरी सांगावे लागते आणि न सांगता चेहऱ्यावरून ओळखावे ही अपेक्षा दोन्ही बाजूंना जड जाते. आमच्याकडच्या एका घरमालकिणींनी बूट दाराबाहेर काढण्याची गोष्ट तीन आठवडे मनात ठेवली होती आणि मुलीला शेवटपर्यंत कळले नव्हते, की काकू गप्प का असतात.

जेवण नाश्ता आणि रात्रीचे, एवढेच ठरवा. दुपारी त्या महाविद्यालयातच असतील. पहिल्या आठवड्यात भाकरी, वरण-भात, दही आणि कमी तिखटाची भाजी द्यावी. मटणाचा बेत करायचाच झाला, तर आधी पांढरा रस्सा वाढा आणि तांबडा त्यांनी स्वतःहून मागेपर्यंत थांबा. आमच्या त्या गुऱ्हाळवाल्या मुलीने तो सहाव्या आठवड्यात मागितला होता.